बिनतारखेचे राजीनामे

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. आमच्या कन्सल्टंटला अर्धी माहीत आहे. आणि जिला जवळजवळ सगळी माहीत आहे, तिने ती कुणाकुणाला सांगितली असेल — या एका विचारात मी कितीतरी वर्षं काढली. चारकोपच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दोन माणसं कोपऱ्यात उभी राहून बोलताना दिसली, की मला वाटायचं माझंच चाललंय. अजूनही वाटतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल आणि मुद्दाम गप्प बसला असाल — कुणाचा काय भरवसा?

आताच का सांगतोय, हे विचाराल. कामगारांचे सगळे जुने कायदे गुंडाळून सरकारने चार नवे केलेत. कन्सल्टंटचा दिवसाआड मेसेज येतो — हे बदललं, ते बदललं, प्रत्येक माणसाला नेमणूकपत्र दे, जुन्या फायली जरा साफ करून ठेव. 'साफ' हा शब्द त्याने का वापरला असेल? त्याला एक फाइल आठवत असणार. मला तर आठवतेच.

माझा लेबलं छापायचा कारखाना आहे. औषधाच्या बाटलीवरचं लेबल — नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी. वडिलांनी सुरू केला, मी चालवला. मी पार्ल्याचा, चार पिढ्या तिथेच. घरात नोकरदार माणसं, धंदा करणारे आम्ही दोघंच बापलेक. मालक कसं व्हायचं हे मला कुणी शिकवलं नाही, वडिलांनीही नाही. जे शिकलो ते इस्टेटीतल्या बाकीच्या गाळेवाल्यांकडून, शनिवारी सकाळच्या चहाला. तिथे एकच विषय असायचा — कायदा पुन्हा बदलला. आणि तो बदल आपल्याला बुडवायलाच केलाय, याबद्दल आमचं कधी दुमत झालं नाही.

खरं सांगू? मी कायदा कधी वाचलाच नाही. एक ओळसुद्धा नाही. कन्सल्टंटचं ऑफिस घाटकोपरला, तो फोनवर जे बोलेल तो माझ्यासाठी कायदा. त्यातलंही निम्मं मी भीतीपोटी ऐकायचो आणि निम्मं विसरायचो. पण कामगार कायदा वाचतात, असं मात्र मला पक्कं वाटायचं. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, ते टपून बसलेत, मी कुठे चुकतो याची वाट बघतात. लेबलाला डिंक लावणारा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, तरी मला वाटायचं — हा नक्की काहीतरी शोधतोय.

त्या शनिवारच्या चहातच मला ती युक्ती मिळाली होती. माणूस कामाला लागतो त्या दिवशी त्याच्याकडून पाच सह्या घ्यायच्या. जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवायची. पहिले चार कागद खरे — अर्ज, बँकेचा, पीएफचा, ईएसआयचा म्हणजे सरकारी कामगार विम्याचा. पाचवा राजीनामा. मराठीत टाइप केलेला, 'घरगुती कारणामुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.' खाली सही आणि वर तारखेची जागा कोरी. तो कागद मालकाच्या कपाटात राहतो. पुढे कधी माणूस नकोसा झाला, की वर तारीख घालायची. ना नोटीस, ना चौकशी, ना भांडण. साप मरतो आणि काठीही शाबूत राहते. बहुतेक जण न वाचता पाचही सह्या करतात. नोकरी मिळाल्याच्या आनंदात कोण वाचत बसतो?

प्रज्ञाने वाचलं होतं. तिचं हे नाव खरं नाही, मी बदललंय. तिच्यासाठी बदललंय असं म्हणालो असतो, पण ते माझ्यासाठीच आहे.

ती मूळची अकोल्याकडची, लग्न होऊन चारकोपच्या सेक्टरमध्ये आलेली. तपासनीस म्हणून घेतली. रोल छापून आला की ट्यूबलाइटखालच्या टेबलावर लेबल न लेबल बघायचं आणि चूक दिसली की गुलाबी चिठ्ठीवर लिहायचं — एका बाजूला 'चूक', दुसऱ्या बाजूला 'दुरुस्ती'. पहिल्याच दिवशी पाचव्या कागदावर तिचं पेन थांबलं. "सर, हा तर राजीनामा आहे ना?" मी हसून म्हणालो, "फॉर्मॅलिटी असते गं. सगळ्यांचाच घेतो." तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. नोकरीची गरज होती. आणि — हे लिहिताना बरं वाटत नाही — तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

त्या दिवसापासून मी मात्र तिच्यावर ठेवला नाही. कामात ती पहिल्या नंबरची. एकदा एका सिरपच्या लेबलावर एक्स्पायरीचं वर्षच चुकलं होतं, पूर्ण रोल गेला असता तर माझी वाट लागली असती, ते तिने पकडलं. मी शाबासकी दिली आणि मनात म्हणालो, हिची नजर फार बारीक आहे, जपून राहिलं पाहिजे. आणि तिचं आडनाव. त्या आडनावावरून मी काय काय ठरवून टाकलं होतं, तेही आता लपवत नाही. चौदा एप्रिलला ती न चुकता सुट्टी घ्यायची. तिचा भाऊ वकिलीचं शिकतो, असं शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाकडून कळलं होतं. 'ही माणसं कायदा बोलतात, सांभाळून राहायचं' — हे वाक्य मी चहाच्या बैठकीत बोललोय. चारचौघांत, मोठ्याने. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मग तो बदल आला. बाळंतपणाच्या रजेचे बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. इस्टेटीत हाहाकार. सहा महिने! सहा महिने बाई घरी आणि जागा तिच्यासाठी राखून ठेवायची! माझ्याकडे अठरा माणसं, त्यांत दहा बायका. मी प्रत्येकीकडे बघायला लागलो. कुणाचं लग्न कधी झालंय, कोण चहा सोडून लिंबूपाणी पितंय, कोण सारखी बाथरूमला जातेय. सांगायला लाज वाटते — मी सुनंदाला आडून आडून विचारायचो, काय गं, कुणाकडे गोड बातमी वगैरे? ती बिचारी हसायची. तिला वाटायचं, सर किती आपुलकीने चौकशी करतात.

आमच्या गाळ्यात दारामागे एक बोर्ड होता. कायद्याचा गोषवारा मराठीत लावावा लागतो, तो. कन्सल्टंटने कधीतरी आणून दिला होता, मी दारामागे ठोकला. दार उघडं असलं की तो दिसायचाच नाही. एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी आत आलो, तर दार अर्धवट लोटलेलं आणि प्रज्ञा त्या बोर्डासमोर उभी. मोबाइलमध्ये फोटो काढत होती. मला बघून दचकली, "काही नाही सर" म्हणाली आणि टेबलाकडे गेली. आधीच्या आठवड्यात तिने दोनदा ईएसआय कार्डाची प्रत मागितली होती. मी दोन्ही वेळा उद्या म्हटलं होतं. आता माझं गणित झटक्यात सुटलं. कार्ड, बोर्डाचा फोटो, वकील होऊ घातलेला भाऊ — आणखी काय हवं?

गुरुवारी इन्स्पेक्टर आला. आला तो सरळ दार लोटून बोर्डासमोरच उभा राहिला. "हा जुना आहे. यात अजून बाराच आठवडे आहेत. आठवडाभरात बदलून घ्या," एवढंच बोलून, एका कागदावर माझी सही घेऊन निघून गेला. दंड नाही, आरडाओरडा नाही. चहासुद्धा घेतला नाही. पण माझ्या डोक्यात एकच — याला दारामागचं कसं कळलं? कुणी सांगितलं? मी काचेतून बाहेर बघितलं. सगळ्या बायका माना खाली घालून काम करत होत्या. प्रज्ञाने मात्र एकदा वर बघितलं. ते बघणं मला जसं वाचायचं होतं तसं मी वाचलं. नंतर कळलं, त्या आठवड्यात इन्स्पेक्टर आमच्या अख्ख्या गल्लीत फिरला आणि प्रत्येक गाळ्यात सरळ दारामागेच गेला. सगळ्यांचा बोर्ड तिथेच असतो, हे त्याला माहीत असणारच की.

शुक्रवारी सकाळी मी कपाटातून तिचा पाचवा कागद काढला. तारीख हाताने घातली नाही. अक्षर माझं आहे हे उद्या कुणी ओळखलं तर? टपाल आलं की आम्ही त्यावर तारखेचा शिक्का मारतो, तो मारला. मग तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझा राजीनामा मंजूर केलाय," मी म्हणालो.

"मी कधी दिला, सर?"

मी कागद पुढे केला. ती तो बराच वेळ बघत राहिली, लेबल तपासल्यासारखी, वरपासून खालपर्यंत. मग एकच विचारलं, "बुधवारची प्रूफची फाइल बघितली का तुम्ही?" मला वाटलं, विषय बदलतेय. म्हणालो, "आता फाइलचं काय?" ती काहीतरी बोलणार होती. मी फोन उचलून कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं. ती डबा घेऊन गेली, आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दुपारी मी स्वतः वडापाव मागवून सगळ्यांना दिले.

शनिवारी प्रूफची फाइल उघडली. रोज संध्याकाळी दिवसभराचे नमुने सहीसाठी माझ्या टेबलावर यायचे, बुधवारचे तसेच राहून गेले होते. त्यात शेवटी एक गुलाबी चिठ्ठी होती. बुधवारची तारीख. 'चूक'च्या खाली लिहिलं होतं — दारामागचा बोर्ड, बाळंतपणाची रजा १२ आठवडे. 'दुरुस्ती'च्या खाली — २६. आणि त्याखाली तिच्या त्या गोल अक्षरात — 'सर, कोपऱ्यावरच्या गाळ्यात साहेब येऊन गेले म्हणतात. आपल्याकडे यायच्या आत बदलून घ्या. भावाला फोटो दाखवून विचारून घेतलं आहे. दिवाळीनंतर मलाही ही रजा लागेल. तोंडी सांगायचा धीर होत नाही म्हणून लिहिते. जाण्याआधी सुनंदाला सगळी तपासणी शिकवून जाईन.'

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेल? ती मला वाचवत होती हो! इन्स्पेक्टर यायच्या आत मी बोर्ड बदलावा म्हणून, आणि मी चिडणार नाही असं धरून. आणि मी? मी घाबरलो. एवढंच. वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी घाबरलो.

तिचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी लावला तो कन्सल्टंटला. चिठ्ठीचं त्याला सांगितलं नाही, फक्त ती पोटुशी आहे असं कळलं म्हणालो. तो हसलाच. "अरे यार, ती ईएसआयमध्ये आहे ना? मग रजेचा पगार ईएसआय देणार. तुझ्या खिशातून काय जात होतं?" खरंच काय जात होतं? सहा महिने एक टेबल सांभाळायचं, तेही सुनंदा सांभाळणार होती. म्हणजे ज्या कायद्याला मी इतका भ्यायलो, तो मला कळलाही नव्हता. मी म्हटलं, परत बोलावू का तिला? तो म्हणाला, "बोलावशील, पण त्या कागदाचं काय सांगशील? एक खोटा निघाला की बाकीच्यांचेही उघडायला लागतील. सही तिची आहे ना? मग गप बस." मी त्याला दोष देत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला. तो नसता बोलला, तर दुसऱ्या कुणाला विचारलं असतं.

पंधरा दिवसांनी कामगार कार्यालयातून बोलावणं आलं. तिने तक्रार केली होती — आता खरोखरच. मी पांढरा शर्ट घालून गेलो. ती चिठ्ठी माझ्या खिशात होती. आयत्या वेळी काढून द्यावी, असं मनात होतं का? नाही हो. ऑफिसात ठेवली तर कुणाच्या तरी हाती लागेल, बायकोने घरी कपडे धुवायला घेतले तर सापडेल, म्हणून स्वतःजवळच ठेवली होती. फाडून टाकायचाही धीर नव्हता. तुकडे कुणी जोडले तर?

टेबलापलीकडे अधिकारी बाई होत्या, माझ्याच वयाच्या. प्रज्ञा समोर बसली होती, शेजारी भाऊ. तिचं पोट आता थोडं दिसत होतं. बाईंनी तिला कागद दाखवून विचारलं, "सही तुमचीच ना?" ती नाही म्हणू शकली असती. माझ्या जागी ती असती आणि तिच्या जागी मी, तर मी बेधडक नाही म्हणालो असतो. ती म्हणाली, "हो, सही माझीच आहे. पण ती कामावर लागले त्या दिवशी घेतली होती." बाई म्हणाल्या, त्याला काही पुरावा? तेव्हा ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. उलट, जणू आता सगळं सुरळीत होणार, अशा चेहऱ्याने. "या तारखेच्या दोनच दिवस आधी, बुधवारी, मी सरांना रजेबद्दल चिठ्ठी लिहिली होती. राजीनामा देणारी बाई रजा कशाला मागेल? सरांनाच विचारा ना."

बाईंनी विचारलं. स्पष्ट, सरळ विचारलं. "अशी काही चिठ्ठी तुम्हाला मिळाली होती का?"

मी म्हणालो, नाही.

एक शब्द. हात खिशाकडे गेला नाही, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. प्रज्ञाच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी बाईंकडे बघत होतो — त्यांना संशय आला का ते बघत होतो. भाऊ तावातावाने बोलायला लागला, तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. बाईंनी पुढे कोर्टात जायचा मार्ग समजावून सांगितला. ती गेली नाही. तारीख लागेपर्यंत सातवा महिना उजाडणार, तेव्हा कोण कोर्टाच्या पायऱ्या चढणार? तेही मी हिशेबात धरलं होतं.

बाहेर जिन्यात ती मला गाठायला थांबली होती. मला वाटलं आता शिव्या देणार, किंवा मोबाइलवर माझं रेकॉर्डिंग करणार. मी तिच्या हाताकडेच बघत होतो. हात रिकामे होते. ती म्हणाली, "माझं जाऊ दे, सर. तो बोर्ड तेवढा बदला. सुनंदाचं लग्न ठरतंय."

मी तिच्या शेजारून उतरलो, गाडीत बसलो.

प्रज्ञाला मुलगी झाली, एवढं सुनंदाकडून कळलं. पुढे नोकरी मिळाली की नाही, मी विचारलं नाही. माझ्या विचारण्याचा कुणी काही अर्थ काढला असता. चिठ्ठी मी पुढे पाण्यात भिजवून, लगदा करून, दोन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकली. बायकोला आजही वाटतं, मी फार सरळ माणूस आहे आणि धंद्यात त्यामुळेच मागे राहिलो. ती असं पाहुण्यांसमोर म्हणते, तेव्हा मी पेपर वर धरतो.

बोर्ड मी त्याच आठवड्यात बदलला. नवा, मोठा, दारामागे नाही, आत शिरल्या शिरल्या समोर. सुनंदाने तो मोठ्याने वाचून बाकीच्या बायकांना ऐकवला. पुढच्या थंडीत ती लग्नाची पत्रिका घेऊन केबिनमध्ये आली, वाकून पाया पडली, "सर, तुम्ही यायचंच हं, मॅडमना घेऊन" म्हणाली. मी तिला आशीर्वाद दिला. ती बाहेर जाऊन टेबलावर बसेपर्यंत काचेतून बघत राहिलो, मग कपाट उघडून तिचा पाचवा कागद काढला आणि त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारला.